चिलिकाचं तोंड कुठे आहे?

सातपाड्याच्या धक्क्यावर होडी ठरवत होते, तेव्हा नावाड्याने मला विचारलं, "मॅडम, मुहाणावर जायचंय ना? नवीन बघायचं की जुनं?" मुहाण म्हणजे सरोवराचं तोंड, जिथे ते समुद्राला मिळतं ती जागा. मी म्हटलं, दोन आहेत का? तो हसला. म्हणाला, दोन कसली, माझ्या आजोबांचं वेगळं होतं, वडिलांचं वेगळं आणि माझीच आतापर्यंत दोन-तीन झाली.

मी तिथे गेले होते जानेवारीत, चार दिवस, पक्षी बघायला. निदान घरी तसंच सांगितलं होतं. खरं कारण असं की, माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या निष्कर्षावर गाईडने एक वाक्य लिहून तो परत पाठवला होता: "खाडीचं मुख तेव्हा कुठे होतं, हे तपासलं का?" नव्हतं तपासलं. तपासायचं असतं हेच मला सुचलं नव्हतं. आणि ज्याचं तोंड हलतं अशा पाण्याचं आपल्या देशातलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे चिलिका. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं 'चिल्का सरोवर'. नकाशात ओडिशाच्या किनाऱ्यावर निळा ठिपका काढून आपण ज्याचा एक मार्क मिळवला होता, तेच.

आजची पोस्ट त्याबद्दल. यात इतिहास जास्त आहे आणि विज्ञान कमी, पण ते दोन्ही वेगळे काढायला गेले तर मला काहीच सांगता येणार नाही.

आधी सरोवराची ओळख करून घेऊ. पावसाळ्यात साधारण अकराशे चौरस किलोमीटर, उन्हाळ्यात नऊशेच्या आसपास. पुरी, खोर्धा आणि गंजाम अशा तीन जिल्ह्यांत पसरलेलं. उत्तरेकडून दया, भार्गवी अशा महानदीच्या फाट्यांचं गोडं पाणी येतं. पूर्वेकडून समुद्राचं खारं पाणी भरतीबरोबर आत शिरतं. मध्ये एक लांबच लांब वाळूचा दांडा. म्हणजे हे खरं तर खाजण आहे, आणि त्याचं पाणी कुठे गोडं, कुठे मचूळ, कुठे खारं. जागा बदलली की चव बदलते, आणि महिना बदलला की तीही बदलते.

हा दांडा आला कुठून? साधारण सहा-सात हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी वाढत वाढत आजच्या जवळपास येऊन थांबली. तेव्हा इथे उथळ आखात असावं. मग नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या लाटांनी काम सुरू केलं. लाटा किनाऱ्यावर तिरक्या आपटतात, त्यामुळे वाळूचा प्रत्येक कण थोडा थोडा ईशान्येकडे सरकतो. दरवर्षी प्रचंड प्रमाणात वाळू अशी किनाऱ्याने चालत जाते. तिचा दांडा झाला, दांड्याने आखात बंद करत आणलं, आणि उरली ती एक फट. तीच मुहाण. आता वाळू तर थांबत नाही, म्हणून दांड्याचं टोक वाढत राहतं, फट ईशान्येकडे ढकलली जाते, आतली वाहिनी लांबत जाते, आणि लांबलेल्या वाहिनीत भरतीचा जोर वाटेतच मरतो. मग फट बुजायला लागते. कधी पूर, कधी वादळ दांडा फोडतं, नवीन तोंड उघडतं, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सुरू. नावाड्याच्या तीन पिढ्यांचं गणित हेच.

गंमत म्हणजे ही गोष्ट ओडिशातल्या लोकांनी त्यांच्या पद्धतीने आधीच लिहून ठेवली होती. पुरीच्या जगन्नाथ मंदिराची बखर म्हणावी असा 'मादळा पांजी' नावाचा ताडपत्रांवरचा ग्रंथ आहे. त्यात रक्तबाहू नावाच्या आक्रमकाची कथा येते. तो जहाजांतून चालून आला. समुद्राने त्याची चाहूल किनाऱ्याला आधीच लावून दिली, राजा जगन्नाथाला घेऊन पळाला आणि पुरी ओस मिळाली. चिडलेला रक्तबाहू समुद्रालाच शिक्षा करायला निघाला. समुद्र मागे सरला, सैन्य आत धावलं, आणि मग पाणी उलटून आलं. सैन्य बुडालं, जमीन बुडाली, आणि मागे उरली चिलिका. रक्तबाहू ऐतिहासिक पुरुष होता असं मला अजिबात म्हणायचं नाही. पण ही जागा पूर्वी समुद्र होती, मग जमीन, मग पुन्हा पाणी, ही आठवण कुठल्यातरी रूपात टिकली याचं मला नवल वाटतं. चिलिकाच्या जन्मापेक्षा ही कथा खूपच तरुण आहे, म्हणजे हे आठवण ठेवणं नसून समोरचा किनारा बघून केलेला अंदाजही असेल. तसं असेल तर तो अंदाज वाईट नाही.

आता बंदरं. दुसऱ्या शतकात टॉलेमीने 'पालूरा' नावाच्या जागेचा उल्लेख केला आहे, जिथून जहाजं किनारा सोडून थेट पूर्वेकडे, सुवर्णभूमीकडे निघत. चिलिकाच्या दक्षिण टोकाला आजही पालूर नावाचं गाव आहे आणि बरेच अभ्यासक ते हेच मानतात. दुसऱ्या टोकाला, समुद्राकडे जाणाऱ्या वाहिनीच्या काठावर माणिकपाटणा. तिथे १९८९ पासून काही वर्षं उत्खनन झालं. रोमन अँफोरांचे तुकडे, चिनी सेलाडॉनची भांडी, खरोष्ठी अक्षरं असलेलं एक खापर, चिनी तांब्याचं नाणं, आणि श्रीलंकेच्या सहस्समल्ल राजाचं नाणं. हा राजा १२०० ते १२०२ अशी दोनच वर्षं गादीवर होता. दोन वर्षांच्या राजाचं नाणं एका मच्छीमार गावाच्या मातीत सापडतं, याचा अर्थ तिथली वर्दळ किती असेल बघा.

मोठी जहाजं उघड्या समुद्रावर उभी राहू शकत नाहीत, त्यांना आडोसा लागतो. दांड्याच्या आतलं शांत पाणी हा उत्तम आडोसा, पण आत शिरायला दार हवं. माणिकपाटण्याचं नशीब त्या दारावर टांगलेलं होतं. मी तिथे उभी राहिले तेव्हा समोर जाळी वाळत टाकलेली वाहिनी, पलीकडे वाळू, आणि मागे भावकुंडलेश्वराचं देऊळ. बंदर म्हणावं असं काहीही नाही. गावाच्या नावामागची कथा मात्र सगळ्यांना पाठ आहे: कांचीच्या मोहिमेवर राजाच्या पुढे निघालेले जगन्नाथ आणि बलभद्र, एक काळ्या घोड्यावर, एक पांढऱ्या, वाटेत माणिका नावाच्या गवळणीकडे दही प्यायले आणि पैशांऐवजी अंगठी देऊन "मागून येणाऱ्याकडून वसूल कर" असं सांगून गेले. मागून आला राजा पुरुषोत्तम देव. ओडिशातल्या कितीतरी देवळांच्या भिंतींवर हे दोन घोडे आणि दह्याचं मडकं तुम्हाला दिसेल. आपल्याकडे विठोबाने दामाजीपंतांची रक्कम भरली. इथे देवाने उधारी केली आणि राजाला फेडायला लावली.

पण माझ्यासारख्या मराठी माणसाला माणिकपाटण्यात आणखी एक गोष्ट शोधायची असते, आणि तिचा तिथे एकही फलक नाही.

'अटकेपार झेंडे' आपल्याला तोंडपाठ असतं. 'अटक ते कटक' हेही. पण कटकपार काय होतं, हे कुणी सांगत नाही. तर चिलिका होती. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४० च्या दशकात बंगाल-ओडिशावर जाऊ लागल्या. भास्करराम कोल्हटकर १७४४ मध्ये बंगालच्या नवाबाच्या छावणीत, बोलणी करायला गेले असताना मारले गेले. १७५१ मध्ये अलीवर्दीखानाने तह केला: वर्षाला बारा लाख चौथाई आणि ओडिशाचा महसूल रघूजी भोसल्यांकडे. पुढे शिवभट साठे, राजाराम पंडित असे सुभेदार कटकहून कारभार बघू लागले. खोर्ध्याच्या राजाला शत्रूविरुद्ध मदत केली, त्याला खर्चाची रक्कम देता येईना, तेव्हा साठ्यांनी पुरीसह लिंबाई, रहांग वगैरे परगणे ताब्यात घेतले. अशा रीतीने मराठी अंमल चिलिकाच्या काठाला येऊन भिडला. पलीकडे गंजाम, म्हणजे १७६० च्या दशकापासून ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख. म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं हे सरोवर नागपूर आणि मद्रास यांच्यामधली सीमा होतं!

या राज्याबद्दल बढाई मारावी असं मला वाटत नाही. बंगालात 'बर्गी' शब्दाने अजून मुलांना झोपवतात, आणि त्याला कारणं आहेत. दुसऱ्या बाजूला पुरीच्या मंदिराचा खर्च याच सुभेदारांनी चालवला, यात्रेकरूंकडून कर घेऊन. पुढच्या इंग्रज लेखकांनी मराठ्यांना शक्य तितकं काळं रंगवलं, कारण त्यांना स्वतःचं येणं उजळ दाखवायचं होतं. दोन्हीकडचं थोडं थोडं खरं धरून पुढे जाऊ.

१८०३. दुसरं इंग्रज-मराठा युद्ध. आपण असईची लढाई वाचतो, आडगाव वाचतो, गाविलगड वाचतो. त्याच सप्टेंबरात कर्नल हारकोर्टच्या हाताखाली कंपनीची फौज गंजामहून पुरीकडे निघाली. तिची वाट नकाशावर बोटाने काढून बघा. उजवीकडे समुद्र, डावीकडे चिलिका, मधे वाळूचा दांडा, काही ठिकाणी काहीशे मीटर रुंदीचा. पावसाळा सरत आलेला, सरोवर तुडुंब. आणि त्या दांड्याच्या शेवटी मुहाण, जो होड्यांशिवाय ओलांडता येत नाही. जुन्या गॅझेटियरांनुसार अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुहाण सुमारे मैलभर रुंद होता. कुठल्याही सेनापतीला आयता खंदक!

पण खंदक राखायला माणसं लागतात आणि होड्या ज्याच्या ताब्यात तो आपला लागतो. मालूदचा फौजदार फत्ते मुहम्मद कंपनीला सामील झाला. त्याबद्दल पुढे त्याला महसूलमाफीची जहागीर मिळाली. मराठ्यांच्या तुकडीने माणिकपाटणा सोडलं, फौज पाणी ओलांडून पलीकडे गेली, आणि १८ सप्टेंबरला पुरी हातात आली. १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबाटी किल्ला पडला. १७ डिसेंबरला तिकडे वऱ्हाडात देवगावचा तह झाला आणि रघूजी भोसल्यांनी (हे दुसरे) कटक प्रांत सोडून दिला.

मला वाटतं की मुहाणावर महिनाभर जरी कुणी पाय रोवून उभा राहिला असता तरी युद्धाचा निकाल बदलला नसता, कारण तो असई-आडगावला लागत होता. पण माणिकपाटण्याच्या वाळूत उभं राहून हा विचार केल्याशिवाय राहवत नाही, हेही खरं.

कंपनीला हा किनारा इतका का हवा होता? एक म्हणजे कलकत्ता-मद्रास टपाल आणि फौजेची वाट मराठी मुलखातून जायची. दुसरं कारण मीठ.

इथे जरा थांबते, कारण चिलिकाच्या इतिहासात मला सगळ्यात जास्त भिडलेली गोष्ट ही आहे. आपल्याकडे भांडुप-उरणकडे आगरी लोक मिठागरं लावतात, तसं चिलिकाच्या पारिकूद भागात उन्हावर पाणी आटवून मीठ काढायचे. त्याला 'करकच' म्हणत. किनाऱ्यावर इतरत्र खारं पाणी भट्टीवर आटवून काढलेलं पांढरंशुभ्र मीठ, ते 'पांगा'. मीठ करणारे मलंगी. ओडिशाचं स्वस्त मीठ चोरवाटांनी बंगालात जायचं आणि बंगालातली कंपनीची मिठाची मक्तेदारी पोखरायचं. प्रांत हातात आल्यावर कंपनीने पहिल्या काही कामांत एक हे केलं की ओडिशाच्या मिठावर मक्तेदारी लावली. मीठ सरकारलाच विकायचं, आणि खायला सरकारकडूनच घ्यायचं. ज्यांच्या दारात ते आपोआप साचत होतं, त्यांना ते कितीतरी पट महाग पडू लागलं. १८१७ च्या पाइक उठावाच्या कारणांत जमिनी आणि कवड्यांच्या चलनाबरोबर मिठाचंही नाव येतं, ते उगाच नाही. उठावाचे नेते बक्षी जगबंधू हे खोर्ध्याचे, म्हणजे चिलिकाच्या काठचेच.

मग चक्र उलटं फिरलं. लिव्हरपूलहून जहाजाने येणारं चेशायरचं मीठ इथे उतरू लागलं, आणि १८६३ मध्ये सरकारने ओडिशातलं आपलं मीठ काढणं बंद केलं. आधी ज्यांना दुसऱ्या कुणाला विकू दिलं नाही, त्यांना आता कुणीच गिऱ्हाईक उरलं नाही. तीन वर्षांनी, १८६६ मध्ये, ओडिशाचा तो भीषण दुष्काळ पडला, ज्याला तिथे 'नअंक दुर्भिक्ष' म्हणतात. सुमारे दहा लाख माणसं गेली. त्यात हातचं काम गेलेले मलंगी पहिल्या फळीत होते. १९३० मध्ये दांडीनंतर लगेच ओडिशात इंचुडीला मिठाचा सत्याग्रह इतक्या जोरात का झाला, हे मला हा इतिहास वाचेपर्यंत कळलं नव्हतं. चिलिकाच्या दक्षिणेला हुम्म्याला मिठागरं अजून आहेत. रेल्वेतून दिसतात. खिडकीची जागा मिळाली तर बघा.

याच रेल्वेमार्गावर रंभा. तिथे काठावर एक जुना राजवाडा आहे, जो १७९० च्या सुमारास गंजामचा इंग्रज कलेक्टर स्नॉडग्रास याने बांधला. पैसा कंपनीचा, थाट त्याचा. पुढे त्याची चौकशी झाली, आणि पेन्शन अडवली म्हणून तो लंडनला कंपनीच्या कचेरीसमोर रस्ता झाडत बसला अशी आख्यायिका आहे. खरी-खोटी देव जाणे, पण आंदोलनाची ही पद्धत मला आवडली.

आता पक्षी. इतका वेळ वाट बघायला लावली, कारण पक्षीसुद्धा मुहाणाच्याच गोष्टीतले आहेत.

एकोणिसाव्या शतकात ते मैलभर रुंद तोंड बुजत गेलं आणि एकदा तर ते माणसांनी कापावं लागलं. विसाव्या शतकात तेच पुन्हा झालं. मुहाण सरकत सरकत इतका लांब गेला की बाहेरची वाहिनी पंचवीस-तीस किलोमीटर झाली. वरून महानदीच्या खोऱ्यातला गाळ येतच होता. पाणी गोडं होत गेलं, जलपर्णी आणि नळ माजले, आणि समुद्रातून आत येऊन वाढणाऱ्या कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांना वाटच उरली नाही. मासळी घटली. त्यात कोळंबी पाळायला पाण्यात 'घेरी' म्हणजे जाळ्या-बांधांची कुंपणं घातली जाऊ लागली, पारंपरिक मच्छीमार आणि घेरीवाले यांच्यात झगडे झाले, आणि मे १९९९ मध्ये सोराना गावात पोलिसांच्या गोळीबारात चार माणसं मेली. १९८१ मध्ये रामसर यादीत आलेलं, भारतातल्या पहिल्या दोन जागांपैकी एक असलेलं हे सरोवर १९९३ मध्ये धोक्यातल्या जागांच्या यादीत, म्हणजे माँट्रो नोंदीत, जाऊन बसलं.

उपाय सोपा वाटतो: दांडा फोडा. पण कुठे? चुकीच्या जागी फोडला तर समुद्र वाळू भरून महिन्यात बुजवेल किंवा गावं गिळेल. हे गणित कुणी केलं माहितीये? खडकवासल्याला, पानशेतच्या रस्त्यावर जी केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राची मोठी भिंत लागते ना, तिच्या आत. मी कॉलेजात असताना सिंहगडावर जाताना शंभर वेळा त्या गेटवरून गेले असेन. तिथल्या प्रतिमानांवर भरती-ओहोटी, क्षारता, वाळूची चाल हे सगळं तपासलं गेलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही अभ्यास केला. २३ सप्टेंबर २००० रोजी सातपाड्याजवळ सिपाकुद इथे दांडा कापून नवीन तोंड उघडलं. वाहिनी १८ किलोमीटरनी आखूड झाली.

परिणाम ग्राफवर बघताना खोटा वाटावा इतका सरळ आहे. मासळी वर्षाला सुमारे पावणेदोन हजार टनांपर्यंत खाली गेली होती, ती दोन-तीन वर्षांत दहा हजार टनांच्या पुढे गेली. तण हटलं, समुद्री गवत वाढलं. २००२ मध्ये माँट्रो नोंदीतून नाव निघालं, आशियातली अशी ही पहिली जागा. याचा अर्थ सगळं आलबेल झालं असा घेऊ नका. घेरी अजून आहेत, आणि मासळी वाढली की तिच्यावर हक्क सांगणारेही वाढतात.

पक्ष्यांना काय मिळालं? नळबण नावाचं एक बेट आहे. नळ आणि बन, मराठीतही तसंच म्हणू. पावसाळ्यात ते पाण्याखाली जातं आणि हिवाळ्यात हळूहळू वर येतं. ऑक्टोबरपासून मध्य आशिया, सैबेरिया, मंगोलिया, लडाख इकडून पक्षी येतात तेव्हा त्यांना नेमका हाच उघडा पडत जाणारा चिखल लागतो. प्रत्येकाचं गणित पायांच्या आणि चोचीच्या लांबीवर. छोट्या टिवळ्यांना बोटभर पाणी, लांब चोचीच्या गॉडविटांना वीतभर, रोहितांना गुडघाभर (त्यांच्या गुडघ्याएवढं), बदकांना त्याहून जास्त. पाण्याची पातळी वीतभर चुकली तर एका जातीचं ताट उचललं जातं. मुंबईची बीएनएचएस इथे वर्षानुवर्षे पक्ष्यांच्या पायांत कड्या घालते आहे. हिवाळ्यातल्या गणनेत अलीकडे दहा लाखांहून जास्त पक्षी मोजले गेले आहेत. मी दहा लाख बघितले नाहीत. धुकं होतं, नळबणाच्या कडेला होडी थांबवली, आणि बराच वेळ फक्त आवाज आला, लांब कुठेतरी देवळात खूप माणसं एकदम बोलत असावीत असा. मग धुकं विरलं. नुसती एक तपकिरी रेघ होती क्षितिजावर. दुर्बीण लावली तर रेघ हलत होती.

पक्षी अगदी जवळून बघायचे असतील तर उत्तरेला तांगीजवळ मंगलाजोडीला जा. तिथे मोटारीच्या होड्या नाहीत, बांबूने रेटतात. एकेकाळी हे शिकाऱ्यांचं गाव होतं. विष घालून, जाळी लावून पक्षी मारून बाजारात विकायचे. २००० च्या सुमारास त्यांच्यातल्याच काहींनी महावीर पक्षी सुरक्षा समिती काढली आणि आता तेच होड्या चालवतात. माझा नावाडी पन्नाशीचा असेल. तो न बघता, आवाजावरून जात सांगत होता. मी विचारलं, हे कसं शिकलात? म्हणाला, "पूर्वी अंधारात यायचो ना." एवढंच म्हणाला आणि बांबू टेकवून पुढे रेटलं.

आता माझ्या कामाचं. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका छोट्या खाडीच्या गाळावर काम करते. पाइप खुपसून गाळाची उभी कांडी काढायची, तिचे सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करायचे, आणि प्रत्येक कापात कुठल्या जातीचे डायटम आहेत ते मोजायचं. डायटम म्हणजे काचेचं कवच असलेली सूक्ष्म शैवालं. काही समुद्राच्या पाण्यात राहतात, काही मचूळ, काही गोड्या. मेली तरी कवचं गाळात तशीच राहतात. म्हणजे कांडी खालून वर वाचत गेलं की पाण्याच्या चवीचा इतिहास मिळतो. माझ्या कांडीत एका पातळीपासून वर समुद्री जाती झपाट्याने कमी होतात आणि गोड्या पाण्याच्या वाढतात. मी लिहून मोकळी झाले: पाऊस वाढला, नदीचं पाणी वाढलं, म्हणून खारेपणा घटला. छान, हवामानबदलाची गोष्ट, एका परिषदेत पोस्टरही लावलं. लोकांनी फोटो काढले.

पण १९९९ च्या चिलिकातला गाळ जर मला कुणी नाव न सांगता दिला असता, तर त्यातही मी हेच वाचलं असतं! खारेपणा घटला, म्हणून पाऊस वाढला असणार. आणि २००० नंतरच्या थरात लिहिलं असतं की अचानक अवर्षण पडलं. प्रत्यक्षात पावसाचा काही संबंध नाही, वाळूच्या दांड्यात एक भोक बुजलं आणि एक पाडलं. कोकणातल्या खाड्यांच्या तोंडाशीही वाळूचे दांडे असतातच, छोटे असले तरी. आईचं माहेर तिथलं, लहानपणी ज्या दांड्यावर आम्ही शिंपले वेचले तो आज जागेवर नाही, हे मला माहीत होतं. पण डेटा बघताना ते आठवलं नाही.

मग करायचं काय? पावसाची स्वतंत्र साक्ष काढायची, म्हणजे त्याच कांडीतले परागकण, आसपासच्या झाडांचे. पाऊस खरंच वाढला असेल तर डोंगरावरची झाडोरासुद्धा बदललेली दिसेल. फक्त तोंड बुजलं असेल तर डोंगराला त्याचा पत्ता नसेल, खारफुटी मात्र बदलेल. शिवाय वाळूच्या कणांचा आकार. आणि जुने नकाशे. इंग्रजांच्या सागरी मोजणीचे तक्ते, तालुक्याचे जुने नकाशे, बंदराच्या जकातीच्या नोंदी. गलबत आत येत होतं तेव्हा तोंड उघडं होतं, इतकी साधी गोष्ट. एम.एस्सी.ला असताना इतिहासाच्या विभागाची पायरी चढायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. पुढच्या महिन्यात पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी वाचता येणाऱ्या एका मैत्रिणीला घेऊन जाणार आहे. बदल्यात तिला मिसळ कबूल केली आहे.

जायचं असेल तर: नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी मधे जा. भुवनेश्वर किंवा पुरीहून सातपाडा, तिथे डॉल्फिन आणि मुहाण. डॉल्फिन इरावडी जातीचे, एकूण दीडशेच्या आसपास, त्यामुळे नावाड्याला होडी त्यांच्या मागे पळवायला सांगू नका. पक्ष्यांसाठी मंगलाजोडी. सातपाड्याहून जान्हिकुदाला जाणाऱ्या तरीतून मोटारीसुद्धा पलीकडे जातात, तिथून कृष्णप्रसाद, मालूदकडे रस्ता आहे. हा तोच मालूद, फत्ते मुहम्मदाचा. संक्रांतीला गेलात तर कालिजाई बेटावर जत्रा असते, पण मग पक्षी बघण्याचं विसरा, माणसंच बघा.

आणि हो, त्या दिवशी मी नावाड्याला म्हटलं, नवीन मुहाण दाखवा, २००० सालचा. तो म्हणाला, तो पण सरकला आता. २०१९ ला फनी वादळ आलं तेव्हा दांडा आणखी ठिकाणी फुटला, काही तोंडं परत बुजली. शेवटी जिथे नेलं तिथे वाळूवर उतरलो. समोर लाटा, मागे सरोवर, मधून पाणी जोरात आत शिरत होतं, भरतीची वेळ होती. मी सवयीने फोनवर जागेची नोंद केली, अक्षांश-रेखांश, तारीख. नकाशात मी भर समुद्रात उभी होते.